कृत्रिम नेत्र

बाजारातील दुकानदाराचा तराजू खरा की खोटा, हे तराजूकडे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी वजनमापांचा निरीक्षक स्वतःजवळची प्रमाणित वजने घेऊन येतो. ज्याचे वजन आधीच निश्चित ठाऊक आहे, अशी वस्तू पारड्यात घातली म्हणजे तराजूचा खरेखोटेपणा तत्काळ उघडकीस येतो. परंतु जे माप डोळ्याच्या आत घ्यावयाचे असते, त्याची परीक्षा कशी करावी?

मनुष्याचा डोळा हा पोकळ गोल असून त्याच्या पुढील भागात पाण्यासारखा एक द्रव सतत पाझरत असतो व सूक्ष्म वाटांनी बाहेर निघून जात असतो. या आवकजावकीचा मेळ राहिला म्हणजे डोळ्यातील दाब योग्य राहतो. निरोगी डोळ्यात तो सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर उंचीइतका असतो. बाहेर जाण्याच्या वाटा अडल्या की दाब वाढतो आणि मेंदूकडे दृश्याचा निरोप नेणारे मज्जातंतू हळूहळू निकामी होतात. हाच काचबिंदू होय. बहुधा तो चोरपावलांनी येतो. डोळा दुखत नाही. दृष्टीची कड मात्र झिजत जाते. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो. काचबिंदूने नेलेली दृष्टी परत मिळत नाही. म्हणून वाढलेला दाब वेळीच ओळखणे अत्यंत अगत्याचे असते.

पूर्वी वैद्य मिटलेल्या पापणीवर बोटांनी दाबून डोळ्याच्या कठीणपणाचा अंदाज घेत. १९०५ साली नॉर्वेतील नेत्रवैद्य याल्मार शियोट्स यांनी यासाठी एक यंत्र प्रचारात आणले. पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे हान्स गोल्डमान यांनी १९५० नंतरच्या दशकात अधिक अचूक यंत्र सिद्ध केले. बुबुळापुढील पारदर्शक पटल, म्हणजे पारपटल, ३.०६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाएवढे सपाट करण्यास किती जोर लागतो, हे ते यंत्र मोजते. एक ग्रॅम वजनाइतका जोर लागला, तर दाब पाऱ्याचे १० मिलिमीटर समजावयाचा.

शियोट्स यांच्या यंत्राबरोबर धातूची एक गोलसर ठोकळी मिळे. तिच्यावर यंत्र ठेवले असता काटा शून्यावर यावा लागे. गोल्डमान यांच्या यंत्राचा जोर वजनाच्या दांडीने तपासतात. परंतु अशा तपासणीत यंत्राचा एखादाच भाग पारखला जातो. प्रत्यक्ष डोळ्यावर ते खरे बोलते की नाही, हे त्यावरून पूर्णपणे कळत नाही. जिवंत डोळ्यातील खरा दाब जाणावयाचा, तर आत सुई घालावी लागेल. केवळ यंत्राच्या परीक्षेसाठी कोणाच्या डोळ्यात सुई कशी घालावी?

या अडचणीतून कृत्रिम नेत्र जन्मास आला. एका लहान कोठडीच्या तोंडावर सिलिकोनचे लवचीक, घुमटाकार पटल बसवितात. त्याची वक्रता व जाडी खऱ्या पारपटलासारखी राखतात. ही जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. कोठडीत पाणी भरून ती नळीने उंचावरील पात्रास जोडतात. पारा पाण्याहून सुमारे १३.६ पट जड आहे. म्हणून पात्रातील पाण्याची पातळी नेत्राहून २७२ मिलिमीटर उंच ठेवली, की नेत्रात पाऱ्याचा बरोबर २० मिलिमीटर दाब निर्माण होतो. ४०८ मिलिमीटर ठेवली, की ३०. आत हवेचा बुडबुडा मात्र राहता कामा नये. कारण हवा दबते आणि माप चुकते.

आता यंत्र या नेत्रावर टेकवून आकडा वाचावा. पाण्याची उंची २० सांगते आणि यंत्र १६ सांगते, तर दोष कोणाचा, याविषयी शंका उरत नाही. १९७२ साली अमेरिकेत बर्नार्ड ग्रोलमन यांनी केवळ हवेच्या झोताने दाब मोजणारे यंत्र पुढे आणले. ते डोळ्यास स्पर्श करीत नाही. पटलावरून परतणाऱ्या प्रकाशावरून ते सपाट झाल्याचा क्षण ओळखते. त्याच्या परीक्षेसाठी कृत्रिम पटल खऱ्यासारखे चकचकीतही असावे लागते.

कृत्रिम नेत्र आणखी एक गोष्ट शिकवितो. पाण्याची उंची तीच ठेवून जाड पटल बसविले, तर यंत्र अधिक दाब दाखविते. पातळ बसविले, तर कमी. माणसांच्या डोळ्यांतही असेच घडते. ज्याचे पारपटल पातळ आहे, त्याचा वाढलेला दाब यंत्रास साधारण वाटू शकतो. म्हणून जाणता वैद्य पटलाची जाडीही मोजतो आणि आतील मज्जातंतूची तपासणी करतो.

या नेत्राला पापणी नाही, अश्रू नाहीत, नाडीचे स्पंदन नाही. त्याला काही दिसतही नाही. तरीही यंत्राची चूक तो वेळेवर दाखवून देतो आणि त्यामुळे अनेकांची दृष्टी वाचण्यास साहाय्य होते.

स्वाध्याय

१. काचबिंदू ‘चोरपावलांनी येतो’ असे का म्हटले आहे?
२. तराजूचे वजन आणि कृत्रिम नेत्र यांतील साम्य सांगा.
३. पाऱ्याच्या २५ मिलिमीटर दाबासाठी पाण्याची पातळी किती उंच ठेवावी लागेल?
४. ‘अगत्याचे असणे’, ‘उघडकीस येणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.