छाती न उघडता हृदयाच्या झडपेची दुरुस्ती : एक अभ्यास

वार्षिक अहवालात जमाखर्च आणि रुग्णसंख्येबरोबर एखादा वैद्यकीय विषय विस्ताराने मांडावा, असा आमचा प्रयत्न असतो. यंदा हृदयाच्या झडपांचा विषय निवडण्यास एक निमित्त घडले. दौंड तालुक्यातील ऊसपट्ट्यातून विशीतली एक गर्भवती भगिनी धाप लागते म्हणून आमच्या बाह्यरुग्ण विभागात आली. आम्ही तिला दम्याचे औषध दिले. महिन्याभराने ती पुन्हा आली, तेव्हाही तेच औषध दिले. तिसऱ्या खेपेला ती उशीला टेकून बसलेलीच होती, कारण तिला आडवे होता येत नव्हते. तेव्हा कोठे तिच्या छातीवर नीट स्टेथोस्कोप ठेवला गेला आणि हृदयाची मायट्रल झडप आकसल्याचे ध्यानात आले. पुण्यास पाठविल्यावर छाती न उघडता, जांघेतून नळी घालून ती झडप मोकळी करण्यात आली. आई आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत. परंतु दोन महिने वाया गेले, ते आमच्यामुळे. म्हणूनच ही विद्या कशी घडली आणि तिचा लाभ शिरूर-दौंडच्या रुग्णाला वेळेवर कसा मिळेल, याचा विचार येथे करीत आहोत.

झडप बिघडते कशी?

हृदयाचे चार कप्पे आणि चार झडपा आहेत. रक्ताला पुढे जाऊ द्यावयाचे आणि मागे येऊ द्यावयाचे नाही, एवढेच झडपेचे काम. डावे अलिंद आणि डावे निलय यांच्यामधील मायट्रल झडपेला दोन पाळ्या असतात. निरोगी प्रौढ व्यक्तीत ती उघडली की चार ते सहा चौरस सेंटिमीटर वाट मिळते. ही वाट दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाली की आजार तीव्र समजतात. मग रक्त फुप्फुसांत तुंबते आणि धाप लागते. गरोदरपणी शरीरातील रक्त वाढते, नाडी जलद होते आणि तोवर कसाबसा सावरलेला तोल सुटतो. आमच्या रुग्णाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

आपल्या भागात तरुण वयात ही झडप आकसण्याचे मुख्य कारण म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. बालपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसा सुजतो. उपचार न झाल्यास काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी सांधे दुखू लागतात, ताप येतो. जंतूशी लढणारी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडप मात्र होत नाही. पुन्हा पुन्हा असा ताप आला की पाळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि दाराच्या जागी फट उरते.

बोटापासून बलूनपर्यंत

चिकटलेल्या कडा सोडवाव्यात, ही कल्पना जुनी आहे. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर या शल्यविशारदाने एका मुलीच्या हृदयात बोट घालून मायट्रल झडप मोकळी केली. १९४८ साली अमेरिकेत चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्कन यांनी ही शस्त्रक्रिया प्रस्थापित केली. भारतातही पुढील अनेक दशके असंख्य रुग्णांना या बंद हृदयशस्त्रक्रियेने जीवदान दिले. तथापि त्यासाठी बरगड्यांमधून छाती उघडावी लागे.

क्योतोचे हृदयशल्यविशारद कान्जी इनोउए यांनी या बोटाचे काम बलूनकडे सोपविले. १९८२ साली त्यांनी रुग्णावर पहिला प्रयोग केला आणि १९८४ साली तो प्रसिद्ध केला. या उपकरणाची रचना समजून घेण्यासारखी आहे. साधा फुगा फुगविला तर तो धडधडत्या हृदयात झडपेतून निसटतो. इनोउए यांनी रबराच्या दोन थरांमध्ये विणलेली जाळी बसविली आणि फुग्याच्या निरनिराळ्या भागांची ताणण्याची क्षमता वेगवेगळी ठेवली. त्यामुळे तो टप्प्याटप्प्याने फुगतो. आधी पुढचा भाग फुगतो. तो मागे ओढून झडपेला टेकवितात. मग मागचा भाग फुगतो आणि डमरूसारखा आकार होऊन झडप मधोमध पकडली जाते. शेवटी डमरूची कंबर फुगते आणि चिकटलेल्या कडा सुटतात. सगळे काही सेकंदांत आटोपते, कारण तेवढा वेळ रक्ताची वाट बंद असते.

फुग्याचा आकार ठरविण्याचा हिशेब अगदी सोपा आहे. रुग्णाची सेंटिमीटरमधील उंची दहाने भागावी व त्यात दहा मिळवावेत. १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी २५ मिलिमीटरचा अंदाज निघतो. प्रत्यक्षात थोड्या लहान मापाने आरंभ करून, प्रत्येक वेळी तपासणी करीत पुढे जातात.

जांघेतील नीलेतून गेलेली नळी हृदयाच्या उजव्या बाजूस पोहोचते. मायट्रल झडप तर डाव्या बाजूस आहे. त्यासाठी दोन्ही अलिंदांमधील पडद्याला सुईने छिद्र पाडून पलीकडे जावे लागते. हे तंत्र १९५९ सालापासून ज्ञात होते. नव्या शोधाला जुन्या शोधाचा खांदा लागतो, तो असा.

हा उपाय सर्वांना चालत नाही. अलिंदात रक्ताची गुठळी असेल, झडप आधीच बरीच गळत असेल, किंवा पाळ्या चुन्यासारख्या कडक झाल्या असतील, तर बलून टाळावा लागतो. १९८८ साली विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी इकोकार्डिओग्राफीवर आधारित गुणपद्धती दिली. पाळ्यांची हालचाल, जाडी, कडकपणा आणि खालच्या दोऱ्यांची स्थिती यांना प्रत्येकी चारपर्यंत गुण देतात. एकूण आठ किंवा त्याहून कमी गुण असल्यास बलूनचा लाभ चांगला होतो. अर्थात रुग्ण जितका उशिरा येईल, तितके हे दार बंद होत जाते.

झडप बदलण्याची नवी वाट

दुरुस्ती शक्य नसेल तर झडप बदलावी लागते. १९८८ साली डेन्मार्कचे तरुण वैद्य हेनिंग रुड अँडरसन यांनी रक्तवाहिनीतील स्टेंटविषयी एक व्याख्यान ऐकले आणि स्टेंटमध्ये झडप शिवून ती घडी करून नळीतून का नेऊ नये, असा विचार केला. तारांची चौकट आणि डुकराच्या हृदयातील झडप यांपासून त्यांनी स्वतःच नमुना तयार केला. मे १९८९ मध्ये तो एका डुकराच्या हृदयात बसविला. त्यांचा निबंध प्रसिद्ध व्हायला १९९२ साल उजाडले.

फ्रान्समधील रुआँ येथील अलें क्रिबिए यांनी १९८५ साली वृद्धांची आकसलेली महाधमनी झडप बलूनने उघडली होती. परंतु ती काही महिन्यांत पुन्हा आकसे. त्या अपयशातूनच त्यांनी नव्या झडपेचा ध्यास घेतला. १६ एप्रिल २००२ रोजी, शस्त्रक्रिया अशक्य ठरलेल्या ५७ वर्षांच्या रुग्णाच्या हृदयात त्यांनी नळीद्वारे झडप बसविली. तो रुग्ण इतर व्याधींमुळे सुमारे चार महिन्यांनी दगावला. झडपेने मात्र आपले काम चोख केले होते. आज ही पद्धत जगभर रूढ आहे. आपल्या देशात वापी येथील मेरिल कंपनीच्या मायव्हाल या झडपेला २०१८ साली मान्यता मिळाली.

गळक्या मायट्रल झडपेसाठी इटलीचे ओत्ताव्हिओ अल्फिएरी यांनी १९९१ साली दोन्ही पाळ्या मध्यभागी टाक्याने जोडण्याची युक्ती केली. तिच्यावरूनच नळीतून नेऊन पाळ्यांना लावण्याची चिमटी तयार झाली. तिचा मानवावर पहिला वापर २००३ साली झाला. पूर्वी शस्त्रक्रियेने बसविलेली जैविक झडप झिजल्यावर तिच्या आतच नवी झडप बसविता येते. या विषयात डॉ. विनायक बापट या शल्यविशारदांचे काम जगन्मान्य आहे. कोणत्या जुन्या झडपेत कोणत्या मापाची नवी झडप बसेल, हे सांगणारी त्यांची मोबाइलवरील मार्गदर्शिका जगभरचे वैद्य वापरतात.

शोध कोणासाठी?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नळीतून बसविण्याची महाधमनी झडप मुख्यतः वृद्धांसाठी घडली. त्यांच्या झडपेत साचलेला कॅल्शियमचा कडा नव्या चौकटीला धरून ठेवतो. तरुण रुग्णाच्या ऱ्हुमॅटिक मायट्रल झडपेचे कडे बहुधा मऊ, लंबगोल आणि सतत हलणारे असते. तेथे चौकट सहज टिकत नाही, आणि पुढे सरकल्यास महाधमनीकडे जाणारी वाटच अडते. शिवाय जैविक झडप तरुणांत लवकर झिजते. म्हणून वर्तमानपत्रात वाचलेली प्रत्येक नवी झडप आपल्या रुग्णासाठी असतेच असे नाही.

साधनांची किंमत हाही शोधाचाच भाग मानला पाहिजे. क्रिबिए यांनीच १९९०च्या दशकात मायट्रल झडपेसाठी धातूचे असे उपकरण केले, की जे निर्जंतुक करून पुन्हा वापरता यावे आणि गरीब देशांतील खर्च घटावा. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. मा. शं. वलियाथन यांच्या चमूने कृत्रिम झडप विकसित केली. आधीचे तीन नमुने फसले. चौथा टिकला आणि ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्या रुग्णाला बसविण्यात आला. तेव्हापासून एक लाखाहून अधिक रुग्णांना ही झडप मिळाली आहे. ती बसविण्यास छाती उघडावी लागते, हे खरे. परंतु आयात झडप परवडत नसलेल्या माणसासाठी तीच मोठी क्रांती ठरली.

धातूची झडप बसविल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. गोळी चुकली तर झडपेवर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव. ऱ्हुमॅटिक झडपविकारासोबत हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांत नवे, तपासणी न लागणारे औषध जुन्या गोळीपेक्षा कमी पडते, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस अभ्यासात दिसून आले. तेव्हा आयएनआर तपासणीला सध्या तरी पर्याय नाही. ही सोय शिरूर आणि दौंड येथेच असली पाहिजे. केवळ तेवढ्यासाठी मजुराने रोजगार बुडवून पुण्याला जावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

आपले कर्तव्य

या साऱ्या शोधांच्याही आधीचे साधन आपल्या जिल्ह्याला जुने परिचित आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. ऱ्हुमॅटिक ताप एकदा येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी दीर्घकाल टिकणाऱ्या बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले, तर नवा झटका टळतो. झडपेला इजा झाली असेल तर ते किमान दहा वर्षे, आणि निदान पंचविशीपर्यंत, चालू ठेवावे लागते. युगांडातील मुलांवरील अभ्यासात, इकोवर नुकताच दिसू लागलेला विकार दोन वर्षांत वाढण्याचे प्रमाण इंजेक्शन घेणाऱ्यांत ०.८ टक्के, तर न घेणाऱ्यांत ८.२ टक्के आढळले. कोणत्याही बलूनने असे यश मिळविलेले नाही, कारण बलून लागतो तो इजा झाल्यानंतर.

हे काम रुग्णालयाच्या भिंतींत होत नाही. शिरूर तालुक्यातच, वढू बुद्रुक येथे, पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली गावातील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवा घरापर्यंत नेली. तो आदर्श आपल्यासमोर आहे. घसा सुजून सांधे दुखणारे मूल शिक्षकांनी, आशा सेविकांनी व पालकांनी आमच्याकडे पाठवावे. ऊसतोडणीसाठी येणाऱ्या कुटुंबांतील मुले आज येथे, तर उद्या दुसऱ्या जिल्ह्यात असतात. इंजेक्शनच्या तारखांची नोंद त्यांच्याच हाती असलेल्या कार्डावर असावी.

आम्ही आमच्या चुकीतून एक नियम केला आहे. धाप लागते म्हणून येणाऱ्या प्रत्येक गर्भवतीच्या हृदयाचे ठोके, डाव्या कुशीवर झोपवून, शांतपणे ऐकल्याखेरीज तिला औषध लिहून द्यावयाचे नाही. शंका येताच इको तपासणी करावयाची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे रुग्ण येथे असतानाच पूर्ण करावयाची, म्हणजे पुण्यात दिवस वाया जाणार नाहीत.

रुआँ आणि क्योतो येथील संशोधकांनी कित्येक वर्षे खर्चून जी वाट मोकळी केली, तिच्या या टोकाला आपण उभे आहोत. देणगीदारांनी इको यंत्र दिले, आयएनआर तपासणीचा खर्च उचलला, त्याचा अर्थ हाच. त्या भगिनीची तिसरी खेप पहिलीच ठरली असती, तर हा लेख लिहिण्याची गरज पडली नसती. पुढील रुग्णाच्या बाबतीत तसे घडावे, यासाठी आपणा सर्वांचे सहकार्य आम्ही नम्रपणे मागत आहोत.