मोगऱ्यास फुलें कां येत नाहींत?

मोगऱ्याचें झाड हिरवेंगार आहे, पण फूल म्हणून दिसत नाहीं, अशी तक्रार कित्येक पालक आमच्याकडे करितात. आणि झाड वांझ निघालें असें समजून तें उपटून टाकण्याच्या विचारांत असतात. विद्यार्थ्यांनो, तसें होऊं देऊं नका. बहुधा त्या झाडाचे फार लाड झालेले असतात.

मोगऱ्यास कळी येते ती नव्या फुटीच्या शेंड्यास. ज्या झाडास वर्षभर पाणी मिळतें व कात्री कधींच लागत नाहीं, तें पानेंच वाढवीत बसतें. म्हणून डिसेंबर महिन्यांत दोन-तीन आठवडे पाणी तोडावें. माळी ह्यास ताण देणें म्हणतात. कुंडींतील माती लवकर सुकते, तेथें आठवडाभर पुरे. पानें मलूल होऊन गळूं लागलीं तरी घाबरूं नये. नंतर जमिनीपासून सुमारें दीड फूट राखून सर्व फांद्या छाटाव्या, वाळलेल्या असतील त्या बुडापासून काढाव्या, आळें खणून कुजलेलें शेणखत घालावें, आणि मग पाणी सुरू करावें. (घरांतील वडील मंडळींस हें क्रौर्य वाटेल, त्यांची समजूत आधींच घालावी हें बरें.) नव्या फुटीवर उन्हाळ्याच्या आरंभीं कळ्या दिसूं लागतात.

हें झाड उष्ण देशाचें. कडाक्याची थंडी त्यास सोसत नाहीं. विलायतेंत तें कांचगृहांत ठेवावें लागतें. फिलिपाईन्स बेटांत मात्र त्यास १९३४ सालीं राष्ट्रीय पुष्पाचा मान मिळाला. आपल्याकडे थंडीपेक्षां सावलीचेंच भय अधिक. आंब्याखालीं किंवा भिंतीआड लाविलेला मोगरा ताण देऊनही फुलणार नाहीं. त्यास दिवसांतून पांच-सहा तास तरी ऊन हवें.

चुनखडीच्या जमिनींत पानें पिवळीं पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तेथें पाण्याचा दोष नसून झाडास लोह मिळत नाहीं असें समजावें, व एक लिटर पाण्यांत ५ ग्रॅम हिराकस विरघळवून फवारावें.

दाट पाकळ्यांच्या मोगऱ्यास सहसा बीं धरत नाहीं. नवें झाड हवें असल्यास पावसाळ्यांत वीतभर काडी, तीन-चार पेरांची, ओल्या मातींत खोंचावी. अथवा जमिनीलगतची फांदी वांकवून मातींत दाबावी. आम्हांस ही दुसरी रीत अधिक भरंवशाची वाटते, कारण मुळें फुटेपर्यंत मूळ झाड त्या फांदीस पोशीत असतें.

संध्याकाळीं गजरा करावयाचा असेल तर टपोऱ्या, न उमललेल्या कळ्या सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं तोडून ओल्या फडक्यांत ठेवाव्या. दिवेलागणीच्या सुमारास त्या उमलूं लागतात.