प्रश्नाच्या बदल्यात स्वाक्षरी : जयंत नारळीकरांची विज्ञानकथा

डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले, तेव्हा त्यांच्या अनेक वाचकांना आठवले ते पोस्टकार्ड. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, की मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा; मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. म्हणजे सही हवी असेल, तर आधी प्रश्न पडायला हवा! त्यांच्या कथांचे मर्मही याच अटीत आहे.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला, म्हणून पेठ वडगावच्या वाचकाला ते आपल्याच मुलखातले वाटतात. शिक्षण मात्र बनारस आणि केंब्रिज येथे झाले. केंब्रिजमधील त्यांचे गुरू फ्रेड हॉईल स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहीत. गुरूचा हा छंद शिष्याने मराठीत आणला.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंनी उतरवून काढली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. परीक्षकांसमोर कीर्ती नव्हती, केवळ कथा होती.

आता ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ पाहू. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या एन.सी.ई.आर.टी. पाठ्यपुस्तकात आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा मुंबईत पोहोचतात, जेथे ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार अजून चालू आहे. कारण त्या जगात १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. ती कानाजवळून निसटून गेली आणि मराठे जिंकले. लेखकाने बदलले ते एवढेच. बाकी सारा इतिहास त्या एका क्षणातून क्रमाने उलगडत जातो, आणि शेवटी मित्र राजेंद्र देशपांडे पुंजभौतिकीच्या आधारे या अनुभवाचा अर्थ लावू पाहतात. परीकथेतील जादूगार दर पानावर नियम मोडू शकतो. विज्ञानकथेच्या लेखकाला एकदा घेतलेले गृहीतक अखेरपर्यंत पाळावे लागते.

या कथांतील माणसे कधीकधी पातळ उतरतात, कल्पनाच त्यांना ओढून नेते, हे मान्य करावे लागेल. तरीही ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आणि ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्या वाचकांनी जपल्या. २०२१ च्या नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा विज्ञानकथेला साहित्याच्या पंगतीत मानाचा पाट मिळाला.

आपल्या ग्रंथालयात त्यांची कथा हाती आली, तर वहीत दोन रकाने आखावेत. एकात आजच्या विज्ञानाला मान्य असलेल्या गोष्टी लिहाव्यात, दुसऱ्यात लेखकाने कल्पिलेल्या. कोणती गोष्ट कुठल्या रकान्यात जाते हे ठरेना, तर तोच प्रश्न वर्गात विज्ञानाच्या शिक्षकांना विचारावा.