कारण कुणाचं, कशाचं

१. उदाहरण जवळचं घ्यावं. कोल्हापुरात तर्कशास्त्र शिकवताना अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’तलं कारणप्रकरण मी इचलकरंजीच्या मागावर समजावून द्यायचो. ग्रंथातही उदाहरण सूत आणि कापडाचंच आहे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. माग असलेल्या घरातली मुलं वर्गात असायचीच. सूत हे समवायी कारण, ताण्याबाण्याची गुंफण असमवायी, विणणारा आणि धोटा निमित्त. “सर, मग वीज?” तीही निमित्तच.

२. कापड सुतात आधीपासूनच असतं, असं सांख्य दर्शन म्हणतं; तेल तिळातूनच निघतं, वाळूतून नाही. न्याय दर्शन म्हणतं, कार्य नव्यानं घडतं, नाहीतर विणकरानं राबायचं कशाला? मी न्यायाच्या बाजूचा. मागाच्या खडखडाटात पाळीभर उभ्या राहिलेल्या माणसाला ‘कापड होतंच, तू फक्त उघड केलंस’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

३. आधी घडलं ते कारण, असं नाही. माती वाहणारं गाढव मडक्याच्या आधी येतं, तरी नैयायिक त्याला कारणातून वगळतात. मडकं त्याच्यावाचूनही होतं. १७३९ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं तर म्हटलं, आपल्याला घटना एकामागून एक घडताना दिसतात, त्यांना जोडणारा बंध दिसत नाही.

४. आधी कार्य नक्की करावं, मग कारण शोधावं. हे मला ऑगस्ट २०१९ च्या महापुरानं पटवलं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. गावात ज्याचं त्याचं एकेक कारण: कर्नाटकातलं अलमट्टी धरण, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे, पूररेषेतली बांधकामं. पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीला जबाबदार धरलं नाही, तरी वाद मिटला नाही. मिटणार कसा? पाणी का आलं, एवढं का चढलं, लवकर का उतरलं नाही आणि घरात का शिरलं, हे चार प्रश्न आहेत. पहिल्याला पाऊस हे उत्तर पुरतं. चौथ्याला अजिबात पुरत नाही. तिथं नदीच्या पात्रालगत बांधकामाला परवानगी देणारी सही कारणात मोजावीच लागते, आणि ती मोजायला आपण कचरतो याचा मला राग येतो. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांवर गेलं.

५. आता अलमट्टीची पातळी ५१९.६० वरून ५२४ मीटरवर नेण्याचा वाद आहे. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, म्हणून खाली पाणी अडलं तर इथला उतार किती मंदावेल, हा तिसरा प्रश्न. त्याचं उत्तर मोजून मिळतं. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी ते एकत्र मोजावं आणि आकडे गावोगावच्या चावडीवर लावावेत.