मुदत संपलेल्या मशीनबद्दल भाच्यास

वुडलँड्स, सिंगापूर
नोव्हेंबर २०२५

चि. बाळ्या,


तुझा मेसेज मिळाला. 'मामा, विंडोज १० बंद पडलं, आता दुकानातली सगळी मशीनं बदलायची का?' असं विचारलंस आणि सोबत कॉम्प्युटरवाल्याचं कोटेशनही पाठवलंस. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू 'हो, हो' म्हणतोस आणि गिऱ्हाईक आलं की विषय संपतो. म्हणून लिहितोय. दाजींनाही वाचून दाखव, कारण निम्मं पत्र त्यांच्यासाठी आहे.

बंद काहीच पडलेलं नाही. १४ ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत अपडेट देणं थांबवलं, इतकंच झालंय. २०१५ च्या जुलैत आलेली सिस्टिम दहा वर्षं चालली. दूध नासावं तशी मशीनं पंधरा तारखेच्या सकाळी नासली नाहीत. धोका हळूहळू वाढतो, आणि तो कसा वाढतो हे कळलं की घाई कुठे करायची आणि कुठे नाही हे तुझं तुलाच उमगेल. विंडोज ११ च्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. १० आणि ११ यांच्या आतला बराचसा कोड सारखा आहे. ११ मध्ये कोणतं भोक बुजवलं ते बघायचं आणि तेच १० मध्ये उघडं राहिलंय का ते तपासायचं, हा चोरांचा उद्योग. महिन्यागणिक त्यांची यादी लांबत जाते.

पण मुदत असणं वेगळं आणि अपडेट घेणं वेगळं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस आला, तेव्हा इथे सिंगापुरात टिओंग बाहरू प्लाझा मॉलमधल्या दुकानांची माहिती दाखवणाऱ्या स्क्रीनवर खंडणीची नोटीस झळकली होती. जगभरात बळी पडलेल्या मशीनांत बहुसंख्य होती विंडोज ७, आणि त्या वेळी विंडोज ७ ची मुदत संपायला जवळजवळ तीन वर्षं बाकी होती. दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. लोकांनी ती घेतली नव्हती. तुझ्या छपाईच्या दुकानात 'अपडेट चालू झालं की मशीन हळू होतं' म्हणून ऑपरेटर ते बंद करून ठेवतो, हे मला ताईकडून कळलंय. नवं मशीन घेऊनही तेच करणार असशील तर पैसे घालवू नकोस.

आता कोटेशन. त्यात चार नवी मशीनं लिहिलीत. मी तुझ्या जागी असतो तर कोटेशन बाजूला ठेवून प्रत्येक मशीनसमोर बसलो असतो आणि एवढंच विचारलं असतं की याच्यावर कोणतं काम होतं, ते नेटशिवाय होतं का, आणि हे उद्या जळलं तर काय हरवेल. मशीनचं वय दुय्यम आहे.

बिलाचं मशीन घे. त्यावर टॅली आहे, जीएसटीचं रिटर्न तिथूनच जातं, बँकही तिथेच उघडते, डिजिटल सहीचं टोकन त्यालाच लागतं. इथे चर्चा नको. ते आधी ११ वर ने. मात्र 'याला ११ चालत नाही' असं कॉम्प्युटरवाला म्हणाला म्हणून लगेच विश्वास ठेवू नकोस. ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि पुष्कळ मशीनांत ती असते पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी नावाने सापडेल, एएमडीवर एफटीपीएम नावाने. चालू केली की काम होतं. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर मात्र मायक्रोसॉफ्ट नाही म्हणतं. अटी चुकवून ११ चढवायच्या युक्त्या यूट्यूबवर ढिगाने आहेत, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. पैशाचे व्यवहार जिथे होतात तिथे असली युक्ती नको. क्रॅक केलेलं विंडोज तर नकोच. आपल्याकडे निम्म्या डीटीपीवाल्यांचं सॉफ्टवेअर कुठून येतं हे तुला-मला ठाऊक आहे, पण क्रॅकबरोबर आणखी काय आत येतं हे कुणीच उघडून बघत नाही.

तुझ्या मामीचा लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा, म्हणजे ११ ला अपात्र. तो आम्ही बदलला नाही. घरगुती मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव सोय ठेवलीय. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगइन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती फुकट मिळते, नाहीतर ३० डॉलर. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतील. कंपन्यांना मात्र पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. भाव असा चढता का ठेवलाय हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. तुम्ही निघा, असंच ते सांगतायत. तेव्हा हे वर्ष तयारीसाठी वापरायचं, झोपण्यासाठी नाही.

ताईच्या जुन्या लॅपटॉपवर ती भजनं ऐकते आणि नातेवाइकांचे फोटो बघते. त्यावर लिनक्स मिंट टाक. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसव, चार जीबी रॅमवर निवांत चालेल. आमच्या शेजारच्या चिनी आजोबांचा लॅपटॉप असाच चालतोय. मराठी लिहायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतो. ताईला फरक कळणार नाही आणि कळला तरी ती तुला रागावेल, मला नाही.

आता दाजींचं मशीन. खरं पत्र इथून सुरू होतं.

तू विंडोज १० ची चिंता करतोस, आणि त्याच खोलीत दाजी एक्सपीवर बसलेत. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली. अकरा वर्षं झाली, कुणी कोटेशन आणलं नाही. का आणलं नाही हेही मला माहीत आहे. त्यावर पानं लावायचं पेजमेकर आहे, मराठी फॉन्टचं श्रीलिपी आहे, श्रीलिपी ज्याच्याशिवाय चालत नाही तो डोंगल आहे आणि दाजींची बोटं रेमिंग्टन कीबोर्डवर बसलेली आहेत. सांगलीतच काय, महाराष्ट्रात कुठल्याही पेठेतल्या प्रेसमध्ये जा, कोपऱ्यात असं एखादं मशीन सापडेल. ते नव्या मशीनवर हलवू म्हटलं तर हलत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती २००१ ची. विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्तीच नाही, त्यामुळे त्या जमान्यातल्या डोंगलचा ड्रायव्हर तिथे बसायचा नाही. नवं इनडिझाइन पेजमेकरची फाइल उघडतही नाही.

म्हणून मी म्हणतो, दाजींच्या मशीनला हात लावू नकोस. त्याची नेटची वायर काढ, वायफाय असेल तर तेही काढ, आणि चालू दे. नेट नसलेल्या एक्सपीला चोराची भीती कमीच. धोका उरतो तो गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हचा. मॅटर घेऊन येणाऱ्याचा पेन ड्राइव्ह आधी नव्या मशीनमध्ये लावायचा, तपासायचा, आणि दुकानाच्या स्वतःच्या वेगळ्या पेन ड्राइव्हवरून फाइल दाजींकडे जायची. हा नियम कणभरही ढिला करायचा नाही, पतसंस्थेचे अध्यक्षसाहेब स्वतः आले तरी.

खरी भीती चोराची नाहीच. ती हार्ड डिस्कची आणि डोंगलची. त्या मशीनमध्ये पतसंस्थांचे अहवाल आहेत, शाळांच्या स्मरणिका आहेत, बंद पडलेल्या दिवाळी अंकांचं मॅटर आहे, गावातल्या तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका आहेत. आणि हे सगळं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नाहीच. आत रोमन अक्षरांच्या जागा आहेत आणि त्यांवर फॉन्टने देवनागरीचे तुकडे चढवलेत. फॉन्ट गेला की पानभर अगम्य इंग्रजी चिन्हं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, विंडोज २००० पासून ती विंडोजमध्ये चालते, तरी आपल्या छपाईचा धंदा जुन्या फॉन्टवर अडकून राहिला. यात दाजींचा दोष नाही. पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं आणि गिऱ्हाइकाला उद्या सकाळी पत्रिका हवी होती.

तेव्हा नव्या मशीनचे पैसे उरले तर ते इथे घाल. आधी त्या डिस्कची संपूर्ण नक्कल दोन वेगवेगळ्या बाहेरच्या डिस्कवर घे. एक दुकानात, एक घरी, दोन्ही काम झालं की सुटी करून ठेवायची. सुटी का, तर जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची हजारो मशीनं एका दिवसात साफ केली. आपल्या न्हावा-शेव्याला जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. तो व्हायरस एकदा नेटवर्कमध्ये शिरला की अपडेट घेतलेल्या मशीनांतही घुसत होता. कंपनीचा एक महत्त्वाचा सर्व्हर वाचला तो घानामध्ये, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. भारनियमनात वाढलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं, हे मी लपवत नाही.

नक्कल झाली की महत्त्वाच्या कामांची पीडीएफ करून ठेव. मग ज्या गिऱ्हाइकांचं काम दरवर्षी येतं त्यांचंच मॅटर युनिकोडमध्ये आण. सगळं आणायला गेलास तर आयुष्य जाईल. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार ते खातात, प्रूफ वाचावंच लागतं. ते दाजींना दे. त्यांच्याइतकं चांगलं प्रूफ तुझ्या दुकानात कुणी वाचत नाही. रेमिंग्टन कीबोर्ड युनिकोडसाठीही मिळतो, तेव्हा बोटं बदलायची गरज नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाचं 'ऋतुगंध' ऑनलाइन निघतं. त्यातलं मराठी मी वुडलँड्सच्या ट्रेनमध्ये मोबाइलवर वाचतो, फॉन्ट शोधावा लागत नाही. तुझ्या पतसंस्थेचा अध्यक्षही लवकरच म्हणणार आहे, 'अहवाल व्हॉट्सअॅपवर टाकता येईल असा द्या.'

कधी करायचं? आता नाही. तुळशीचं लग्न झालंय, पत्रिकांची गर्दी सुरू असणार. ऑगस्ट-सप्टेंबरही नाही, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायच्या म्हणून अहवालांची रांग लागते. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत पौष आहे, लग्नं नाहीत. तेवढे दिवस धर. आणि नवं आलं की जुनं त्याच दिवशी काढू नकोस. इथे वुडलँड्सच्या चेकपोस्टवर मार्च २०२४ पासून जोहोरला जाणाऱ्या गाडीवाल्यांना पासपोर्टऐवजी क्यूआर कोड दाखवता येतो, पण पासपोर्टही अजून चालतोच. रोज लाखो माणसं जिथून जातात तिथेही दोन्ही वाटा उघड्या ठेवल्यात. बिलाचं नवं मशीन महिनाभर जुन्याच्या शेजारी चालव. एक जीएसटी रिटर्न त्यावरून गेलं की मग जुनं हलव.

हलवायचं म्हणजे भंगारवाल्याला द्यायचं नाही. इथे जुनं सामान नेणारे करुंग गुनी दारावर येतात, मॉलमध्ये ई-कचऱ्याच्या पेट्याही आहेत. आम्ही दोन्हीकडे देतो, पण डिस्क काढून. गिऱ्हाइकांचे आधार आणि पॅनचे स्कॅन तुझ्या डिस्कवर आहेत, ते रद्दीत जाता कामा नयेत.

आणखी एक. अशी मुदत संपली की लुटारू जागे होतात. स्क्रीनवर 'तुमचं विंडोज कालबाह्य झालं, या नंबरवर फोन करा' असं येईल, किंवा कुणी मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय म्हणेल. मायक्रोसॉफ्ट सांगलीला फोन करत नाही. आमच्या शेजाऱ्यांना मी अशा फसवणुकीसाठीचा इथला १७९९ हा मदतीचा नंबर लिहून दिलाय. तू आपल्याकडचा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० भिंतीवर लाव, ऑपरेटरलाही दाखव.

कोटेशनवाल्याला सध्या एकाच मशीनचं सांग, तेही बायोस बघितल्यावर. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा चारही मशीनांचे प्रोसेसर आणि टीपीएमच्या पानाचे फोटो काढून मला पाठव. दाजींच्या डिस्कच्या नकलेला मात्र पौषाची वाट बघू नकोस, ती याच आठवड्यात घे.

तुझा,
मामा