साडेदहा रुपयांची पेन्शन

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आपल्या भागात गल्लीगणिक एखादा माजी सैनिक सापडतो. माझे आजोबा त्यांपैकीच. पण त्यांना पेन्शन नाही. शेजारच्या तात्यांना आहे. दोघांची नोकरी सारखीच : काही वर्षे पलटणीत, उरलेली घरी राहून राखीव यादीत. मग हा फरक का? वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी त्याचा हिशेब मांडून पाहिला.

सैन्याच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीप्रमाणे दोन्ही सेवा मिळून किमान १५ वर्षे भरली की राखीव सैनिकापुढे दोन पर्याय असत : दरमहा १० रुपये ५० पैसे पेन्शन, किंवा एकरकमी ८०० रुपये. एकदा दिलेला पर्याय बदलता येत नसे. आजोबांनी ८०० घेतले. "दहा रुपयांत काय येतंय बाळा? आठशेत घरावर कौलं चढली," असे ते म्हणतात.

आता आकडे पाहू. पेन्शन वर्षाला १२६ रुपये. म्हणजे सुमारे ७६ महिन्यांत ८०० रुपये वसूल. ८०० रुपयांवर तेवढेच उत्पन्न हवे असेल तर व्याज पावणेसोळा टक्के मिळायला हवे. वरवर पाहता पेन्शनच फायद्याची.

पण रक्कम वेगळी आणि तिची खरेदीशक्ती वेगळी. ७२ ला भाववाढीच्या दराने भागले की किमती किती वर्षांत दुप्पट होतील ते साधारण कळते. दर ७ टक्के धरला तर सुमारे १० वर्षे. म्हणजे पेन्शन तेवढीच राहिली असती तर वीस वर्षांनी साडेदहा रुपयांत जुन्या अडीच रुपयांएवढाच माल आला असता. आजोबांचा अंदाज अडाणीपणाचा नव्हता.

चुकले ते एकाच ठिकाणी : रक्कम तेवढीच राहिली नाही. १ जानेवारी १९८६ पासून किमान पेन्शन ३७५ रुपये झाली; १९९६ पासून १,२७५, २००६ पासून ३,५०० आणि २०१६ पासून ९,०००. वर महागाई सवलत. २०१५ च्या 'वन रँक वन पेन्शन' आदेशात राखीव सैनिकांना धरले नाही, तरी तात्यांच्या हाती ही वाढ आली. आजोबांच्या घराची कौले मात्र आतापर्यंत दोनदा बदलावी लागली.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कित्येकजण बँकेत, कचेरीत बसतील. समोरचा माणूस कागदावर सही करण्यापूर्वी त्याला रक्कम तर सांगूच; पण ती भावाबरोबर वाढणार की नाही, हेही मराठीत किंवा कन्नडमध्ये, त्याला समजेल त्या भाषेत सांगू. आजोबांना ते सांगणारे कोणी भेटले नाही.