आधी हवा, मग लोखंड

नवी फोर बाय फोर घेतलेल्या माणसाची पहिली चौकशी बहुतेक वेळा लिफ्ट किटची असते. मी पाच दारांची जिम्नी चालवतो, मावळ, मुळशी आणि जुन्नरच्या वाटांवर. सोबत मित्रांच्या थार असतात, कधी एखादी गुरखा. या वाटांवर खर्चाचा क्रम मला नेमका उलटा शिकायला मिळाला. गाडी उंच करणं खर्चात सगळ्यात शेवटी येतं. आधी काय, ते इथे सांगतो.

१. कंपनीने दिलेलं आधी पुरतं वापरा.

जिम्नीत लो रेंज आहे, पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल आहेत, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंची आहे. एवढ्या भांडवलावर सह्याद्रीतल्या बहुतेक बैलगाडी-वाटा होतात. ट्विस्टी वाटेवर तिरप्या कोपऱ्यांतली दोन चाकं हवेत गेली की नवखा चालक अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, आणि तिथेच फसतो. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे पाठवायला गाडीला क्षणभर वेळ लागतो. पाय तेवढाच, एकसारखा दाबून ठेवा. गाडी थरथरते, कुरकुरते आणि चढते. काही थारना मागे मेकॅनिकल लॉकर येतो, तो आपोआप लागतो. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे हाताने लावायचा लॉकर येतो. तो अडकण्याआधी लावायचा, अडकल्यावर नाही. उतारावर लो रेंजचा पहिला गिअर टाका आणि इंजिनाला गाडी धरू द्या. कोरड्या डांबरावर मात्र फोर-हाय लावून वळू नका. पुढची आणि मागची चाकं वळणात वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण सरळ गिअर-शाफ्टवर येतो.

२. पहिला पैसा टायरला.

रस्त्याच्या टायरच्या खाचा आपल्या लाल चिखलाने दोन फेऱ्यांत भरतात, मग चाक गुळगुळीत होतं. एटी, म्हणजे ऑल-टेरेन टायरने हा प्रश्न बराच सुटतो. एमटी, म्हणजे मड-टेरेन टायर चिखल फेकून देतो, पण पुणे ते पायथा हे सगळं अंतर डांबराचं असतं, आणि ओल्या डांबरावर एमटीची पकड कमी होते, आवाजही डोकं उठवतो. महिन्यातून एखाद्या वेळी वाटेला लागणाऱ्याने एटीच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आकार वाढवताना आधी हिशेब करा. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर१५, म्हणजे व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर. २३५/७५ आर१५ घातला तर तो ७३३ होतो. उंची मिळते निम्मी, म्हणजे २० मिलिमीटर. त्या बदल्यात प्रत्येक गिअर जवळपास सहा टक्क्यांनी लांब होतो, चढावर इंजिन धापा टाकतं, आणि काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ च्या आसपास धावत असते. वळणात टायर आतल्या प्लॅस्टिकला घासतो, तो वेगळाच ताप. २१५/७५ आर१५ हा बोलेरोचा आकार. व्यास मूळ टायरच्या अगदी जवळ, आणि तालुक्याच्या गावातही तो दुकानात मिळतो. आडवाटेवर टायरची कड कापली गेली की या गोष्टीची खरी किंमत कळते. पाचवं चाकही त्याच आकाराचं हवं.

३. हवा कमी करायला शिका.

सगळ्या बदलांमध्ये हा सगळ्यात स्वस्त, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठा. तीसच्या आसपास असलेली हवा खडकाळ वाटेवर अठरा-वीस पीएसआयवर आणली की टायर मऊ होतो, त्याचा जमिनीवरचा ठसा लांबतो, आणि जो दगड उडवत होता त्याच दगडाला तो मिठी मारतो. मोकळ्या मुरमाच्या चढावर आधी भरलेल्या हवेने आणि मग कमी हवेने तीच गाडी एकदा चढवून बघा, दुसऱ्या कोणत्याही पुराव्याची गरज उरत नाही. साध्या रिमवर पंधराच्या खाली जाऊ नका. जोरात वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. कमी हवेत वेग कमीच ठेवा. आणि डांबर लागलं की थांबून हवा भरायचीच, कारण मऊ टायर वेगात तापतो आणि फाटतो. त्यासाठी थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर घ्या. लायटरच्या सॉकेटमधले छोटे पंप चार टायर भरेपर्यंत दम तोडतात, नाहीतर फ्यूज उडवतात.

४. बाहेर काढण्याचं सामान आत जाण्याच्या सामानाआधी.

या मुद्द्यावर मी मित्रांशी भांडतो, कारण इथे माणूस मरू शकतो. गाडीच्या पुढे-मागे जे बारीक कान दिसतात, त्यातले काही फक्त गाडी ट्रेलरवर बांधण्यासाठी असतात. रुतलेल्या गाडीचा ओढा तिच्या वजनाच्या कितीतरी पट होऊ शकतो, आणि तुटलेला कान गोळीसारखा उडतो. चासीला बोल्ट केलेले, ओढण्यासाठीच बनवलेले रिकव्हरी पॉइंट पुढे आणि मागे हवेतच. टो-बॉलला दोर कधीही अडकवू नका.

दोर दोन प्रकारचे असतात आणि त्यांची कामं वेगळी. साधा टो स्ट्रॅप ताणला जात नाही, तो बंद पडलेली गाडी सावकाश न्यायला. कायनेटिक रोप नायलॉनचा, तो तीस टक्क्यांपर्यंत लांबतो आणि साठवलेला जोर हळूहळू सोडतो. रुतलेल्या गाडीला तोच लागतो. साध्या पट्ट्याने झटका मारून गाडी काढणं म्हणजे दोन्ही चासींवर हातोडा घालणं. लोखंडी डी-शॅकलऐवजी शक्य तिथे दोरीचा सॉफ्ट शॅकल वापरा. तुटला तरी त्याला वजन नसतं. दोरावर जाड गोणपाट किंवा डॅम्पर टाका, आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. गावात गाडी अडकली की पाच मिनिटांत पोरं जमतात. त्यांना मागे नेणं हे चालकाचं काम, आणि ते झाल्याशिवाय ओढू नका.

या सगळ्याच्या आधी फावडं. चाकापुढचा आणि डिफरन्शियलखालचा चिखल उपसला की निम्म्या वेळा दोराची गरजच पडत नाही. त्याच्या जोडीला दोन ट्रॅक्शन बोर्ड पुरतात.

विंचबद्दल थोडक्यात: गाडीच्या कमाल भारित वजनाच्या दीडपट क्षमता बघतात. जिम्नीचं ते वजन १५४५ किलो, म्हणजे साधारण २३०० किलोची विंच पुरते. पण विंच आणि तिचा बंपर यांचं सगळं वजन नाकावर बसतं, पुढच्या स्प्रिंगा बसतात आणि तुम्ही लिफ्टच्या दुकानात पोहोचता. दोन गाड्यांनी मिळून जाणाऱ्याला विंच लागतेच असं नाही. एकट्याने मात्र जाऊच नये, विंच असली तरी.

५. पोट झाका.

पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिलिमीटर आहे आणि रॅम्प ब्रेकओव्हर कोन २४ अंश. म्हणजे उंचवट्यावर आधी पोट टेकणार. आपल्याकडचा दगड काळा बेसाल्ट, तो झिजत नाही, पत्रा फाडतो. ट्रान्सफर केसखाली स्किड प्लेट आणि दारांखाली चासीला जोडलेले रॉक स्लायडर, हे लोखंड पैसे वसूल करतं. नुसते पाय ठेवायचे फूटस्टेप स्लायडर नव्हेत. ते दगडावर वाकून दार अडकवतात.

६. दोन इंच लिफ्टचं बिल गाडी दुसरीकडून काढते.

स्प्रिंगा उंच केल्याने चासी वर जाते, पण सॉलिड अ‍ॅक्सलचा डिफरन्शियल होता तिथेच राहतो. तो वर उचलतो फक्त मोठा टायर. हे समजलं की अर्धी हौस आपोआप मावळते. जिम्नीत उंची वाढताच पॅनहार्ड रॉड अ‍ॅक्सलला एका बाजूला खेचतो, कास्टर कमी होतो आणि हायवेवर स्टिअरिंग स्वतःहून सरळ यायला कां-कूं करतं. ब्रेकच्या नळ्या पूर्ण लोंबत्या चाकाला पुरतात का, तेही बघावं लागतं. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, तिथे सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो आणि रबरी बूट फाटतात. लिफ्ट घ्यायचीच तर कास्टर सुधारणारे बुश आणि अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड यांचा खर्च त्याच दिवशी धरा, आणि काम अशा गॅरेजकडून करून घ्या जिथे अलाइनमेंटचे आकडे कागदावर देतात.

७. स्नॉर्केल इंजिनाला वाचवतो, गाडीला नाही.

पाण्यातून जाण्याची नव्या थारची कंपनीने सांगितलेली मर्यादा ६५० मिलिमीटर, गुरखाची ७००. हे आकडे साचलेल्या पाण्याचे समजा. पावसाळ्यातला ओढा वाहता असतो, आणि बाराशे किलोची गाडी पोटापर्यंत पाणी आलं की, स्नॉर्केल असो वा नसो, हलकी होऊन सरकते. आधी काठी घेऊन पायी उतरा. जिथे पायी उतरायची हिंमत होत नाही, तिथे गाडी घालू नका. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणून ब्रीदरच्या नळ्या वर बॉनेटपर्यंत घ्या. खर्च फारसा नाही.

८. आरटीओ आणि विमा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाविरुद्ध केलेल्या बदलांना मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच पुन्हा स्पष्ट केलं. बुल बारविरुद्ध केंद्राचे आदेश डिसेंबर २०१७ पासून आहेत. त्यामागचं कारण खरं आहे: पुढचं लोखंड एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडवतं आणि पादचाऱ्याला जास्त इजा करतं. टायर, लिफ्ट, बंपर, काहीही बदलण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा. वायरिंगला जोड मारून दिवे लावले तर वॉरंटीवरही पाणी.

९. सड्यावर चाक घालू नका.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभ्याच्या सपाट कातळावर, म्हणजे सड्यावर, बोटभर माती असते, आणि त्या बोटभर मातीत पावसाळी फुलांचं सगळं जग. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं, पण नाव नसलेले सडेही तितकेच नाजूक आहेत. ओल्या सड्यावर उठलेली चाकोरी पुढच्या पावसात ओहोळ होते आणि माती घेऊन जाते. रुळलेली वाट सोडू नका. भातखाचराचा बांध तर अजिबात ओलांडू नका. तो फुटला की त्या घरचं पाणी जातं. ट्रॅक्टरने गाडी काढून देणाऱ्या शेतकऱ्याचा वेळ आणि डिझेल यांचे पैसे न मागता द्या.

१०. घरी आल्यावरचा एक तास.

जिम्नीला मागे ड्रम ब्रेक आहेत. चिखल आत वाळला की लायनिंग खातो, म्हणून पाण्याचा फवारा आतल्या बाजूनेही मारा. प्रॉपेलर शाफ्ट, बूट आणि स्टिअरिंगच्या लिंका हाताने चाचपा. ओढ्यातून आला असाल तर डिफरन्शियलचं तेल थोडं काढून रंग बघा. दुधाळ दिसलं तर लगेच बदला. स्लायडर आणि रिकव्हरी पॉइंट नवे बसवले असतील, तर पहिल्या वाटेनंतर त्यांचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, आणि बोल्टवर खूणरंगाची रेघ मारा, म्हणजे पुढच्या वेळी वाकून बघितलं की सैल झालेला बोल्ट लगेच दिसेल.